छर्रा कोणता? नळीला विचारा!

मंडळी, सुरुवातीलाच दोन खुलासे. पहिला म्हणजे माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी होतं, पण 'आठवड्यातून चार तास' एवढंच. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर! दुसरा खुलासा रेक्टर सरांसाठी. या लेखात बंदुकीचा उल्लेख वारंवार येणार आहे. ती बंदूक हॉस्टेलवर नाही, कधी नव्हती आणि येणारही नाही. सरांनी निर्धास्तपणे पुढे वाचावं.

विषय आहे हवाई बंदूक, म्हणजे एअर रायफल, आणि तिच्यात घालायचा छर्रा. आपल्याकडे बंदुकीविषयी बोलणारे भरपूर भेटतात. कुठल्या कंपनीची, केवढ्याला पडली, किती लांब मारते वगैरे वगैरे. छऱ्याविषयी मात्र "दुकानात मिळेल तो" यापलीकडे कोणी बोलत नाही. खरं तर गोळी कुठे लागणार हे ठरवण्यात नेमबाजाच्या हाताखालोखाल मान त्या अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या तुकड्याचा असतो.

मी दौंडची आणि माझं आजोळ शिरूरचं. मामांची शेती शिरूर-न्हावरा रस्त्याच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेले तर एकाच घरातून एकाच दिवशी दोन प्रश्न आले. मामांकडे आजोबांच्या वेळची स्प्रिंगची छऱ्याची बंदूक आहे. ते म्हणाले, "तू इंजिनेर होतीयेस ना, मग सांग की, हिच्यात कुठले छर्रे घालायचे?" आणि मामेबहीण, जी अकरावीला आहे आणि दहा मीटर एअर रायफल खेळते, तिने विचारलं, "ताई, स्पर्धेसाठी कुठला डबा घेऊ?" तिच्या प्रश्नात जरा जास्त जीव होता. निवड स्पर्धा तोंडावर आली होती. परदेशी छऱ्यांच्या एका डब्यात ५०० नग असतात. रोज ६० गोळ्यांचा सराव केला तर आठ दिवसांत डबा खलास! आणि डब्याचे पैसे मामांच्या कांद्याच्या पट्टीतून येणार. दुकानदार सांगत होता सगळ्यात महाग तो घे. सीनियर मुली सांगत होत्या चॅम्पियन लोक वापरतात तो घे. मामा म्हणत होते, "शिसं ते शिसं, त्यात काय एवढं?"

तिघांचंही उत्तर चुकीचं आहे असं माझं मत आहे. का, ते सांगते.

आधी छऱ्याकडे नीट बघू. एकदा हातात घेऊन बघाच. त्याला डोकं असतं, बारीक कंबर असते आणि खाली घेरदार परकर असतो. परकर आतून पोकळ. या आकाराला डायाबोलो म्हणतात. दोन काड्या आणि दोरीवर फिरवायचं त्याच नावाचं एक खेळणं असतं, त्यावरून हे नाव पडलं. हा आकार शोभेसाठी नाही. ट्रिगर दाबला की मागून दाबलेली हवा येते, परकरात शिरते आणि त्याला बाहेरच्या बाजूला फुगवते. परकर नळीला घट्ट चिकटतो, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात (आपल्या भाषेत रायफलिंग). परकर त्या खाचांत रुतला की छऱ्याला गिरकी मिळते. डोकं नळीच्या मधोमध सरळ राहतं. बाहेर पडल्यावर जड डोकं पुढे आणि पोकळ परकर मागे, म्हणून बॅडमिंटनच्या फुलासारखं त्याचं तोंड आपोआप पुढे राहतं. गिरकी आणि फुलाची युक्ती, दोन्ही एकाच वेळी काम करतात.

म्हणजे परकर चेपला की सगळंच बिघडलं. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता डोक्याचे प्रकार. दुकानात साधारण चार मिळतात. चपट्या डोक्याचा, गोल घुमटासारखा, टोकदार आणि डोक्यात खळगा असलेला. स्पर्धेत चपटाच वापरतात. कारण अगदी साधं आहे. चपटं डोकं कागदाला पंच मशीनसारखं भोक पाडतं, कडा स्वच्छ. गोल डोकं कागद फाडत जातं आणि भोक कुठे संपलं तेच कळत नाही. दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर मधलं 'दहा' म्हणजे फक्त ०.५ मिलिमीटरचा ठिपका, टाचणीच्या डोक्याहून लहान. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. तो ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा. २०१३ पासून तर प्राथमिक फेरीतही दशांशात गुण देतात. १०.० पासून १०.९ पर्यंत, आणि केंद्रापासून प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी. आता मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात, पण सराव बऱ्याच ठिकाणी अजून कागदावरच चालतो.

चपट्याचा तोटा असा की लांब पल्ल्याला हवा त्याला फार अडवते. पंचवीस मीटरच्या पुढे तो भरकटायला लागतो. तिथे गोल डोक्याचा सरस. टोकदार छर्रा दिसतो मात्र एकदम भारी, मिसाइलसारखा! पण ते टोक बरोबर मधोमध काढणं कारखान्याला अवघड जातं, टोक जरा जरी बाजूला असलं तरी गिरकी डगमगते. दिसण्यावर भाळू नये हे इथेही लागू. 'हाय स्पीड' म्हणून हलक्या मिश्रधातूचे मिळतात त्यांचीही तीच गत. वेग आवाजाच्या वेगाजवळ (साधारण ३४० मीटर प्रति सेकंद) गेला की छर्रा डळमळतो. स्पर्धेची रायफल मुद्दाम त्याच्या साधारण निम्म्या वेगाने, १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास मारते. फिजिक्सवाल्यांनी ½mv² करून बघावं. ०.५३ ग्रॅमला साडेसात जूलच्या थोडं वर येतं.

मामांचं प्रकरण इथेच संपवते, कारण ते तांत्रिक कमी आणि कायदेशीर जास्त आहे. त्यांना बंदूक हवी होती बाजरीवरची पाखरं हाकायला. आजी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची, मामांना बसल्या जागी काम हवंय. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पाखरांवर छर्रा चालवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा होतो. त्यात मोर तर पहिल्याच अनुसूचीत, आणि मोराची चिंचोली आपल्याच शिरूर तालुक्यात! बाजरीत पारवा समजून मोर मारला तर जामीन द्यायला कोण येणार? दुसरं, उसातला बिबट्या. "रात्री दारात ठेवली तर बरं" हे वाक्य मी आमच्या भागात बऱ्याच जणांकडून ऐकलंय. छऱ्याने बिबट्या थांबत नाही, चिडतो मात्र नक्की. त्याला वनखात्याचा फोन हाच उपाय. आणि 'मोठ्या छऱ्याची घेऊ का' यालाही उत्तर आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापेक्षा (म्हणजे आपले ४.५ मिलिमीटर) मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. तेव्हा मामांना आता गोल डोक्याचे मध्यम वजनाचे छर्रे, बांधावर ठेवलेले रिकामे डबे आणि मागे मातीचा चढ, एवढी करमणूक मंजूर झाली आहे. एक ताकीद मात्र दिली. स्प्रिंगची बंदूक रिकामी वाजवायची नाही. छऱ्याचा अडथळा नसला की पिस्टन पुढे जाऊन धाडकन आदळतो आणि सील जातं. फार हलका किंवा नळीत सैल बसणारा छर्रा घातला तरी थोडं तेच होतं.

(जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीवरून कोणी स्वतःला नेमबाज किंवा बिननेमबाज ठरवू नये. ती नळी झिजलेली, माशी हललेली, छर्रे मिळतील ते. तिथे फुगा फुटला तर देवाची कृपा.)

आता मुख्य मुद्दा, माप. मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत. स्पर्धेच्या छऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. हा डोक्याचा व्यास. फरक फक्त ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण ७०-८० मायक्रॉनचा असतो! एवढ्याशा फरकाने काय होतंय असं मलाही वाटलं होतं. पण 'लिमिट्स अँड फिट्स'मध्ये आपण काय शिकलो? शाफ्ट आणि होल दोघांनाही टॉलरन्स असतो. नळी म्हणजे होल. प्रत्येक नळी कारखान्यातून किंचित वेगळी येते आणि वापराने आणखी वेगळी होते. डोकं सैल पडलं तर छर्रा नळीत तिरका होतो, आणि तिरका निघाला तर तिरकाच गिरक्या घेत जातो. डोकं फार घट्ट असलं तर शिसं खरवडलं जातं आणि वेग प्रत्येक वेळी वेगळा. मधलं कुठलं तरी माप त्या नळीला जमतं. ते कुठलं, हे नळीशिवाय कोणीच सांगू शकत नाही. दुकानदार नाही, सीनियर नाही, आणि इंजिनिअरिंगला असलेली ताई तर नाहीच नाही.

छर्रे बनतात कसे तेही बघा. शिशाच्या तारेचे तुकडे पाडतात आणि डाय-पंचमध्ये दाबतात. वर्कशॉपमध्ये आपण प्रेसवर वॉशर काढतो त्याचाच हा श्रीमंत चुलतभाऊ. डाय झिजते, बदलते, तसा छर्राही सूक्ष्म बदलतो. म्हणून चांगल्या कंपन्या (जर्मनीतल्या आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, चेक प्रजासत्ताकातली जेएसबी) डब्यावर बॅचचा नंबर देतात. म्हणजे 'अमुक कंपनीचा छर्रा चांगला' हे वाक्यच अर्धवट आहे. अमुक कंपनी, अमुक माप, अमुक बॅच आणि अमुक नळी, असं चौघांचं जमावं लागतं. पत्रिका जुळवण्यासारखंच, फक्त इथे खरंच फरक पडतो!

मोठे खेळाडू म्हणूनच बॅच तपासून घेतात. रायफल शिकंज्यात घट्ट पकडून एकेका बॅचच्या दहा-दहा गोळ्या मारतात आणि ज्याचं भोक सगळ्यात लहान त्याचा साठा करतात. ०.२२ ची काडतुसं वापरणारेही तेच करतात. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता. त्या दिवशी आमच्या दौंडच्या रेल्वेवाल्यांची कॉलर काय ताठ होती म्हणून सांगू! त्याच्या खेळात छर्रा नसतो, काडतूस असतं, पण नळीचा लहरी स्वभाव तिथेही तोच.

मामेबहिणीच्या भिंतीवर मात्र फोटो आहेत ते एअर रायफलवाल्यांचे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२२ चा कैरोतला विश्वविजेता. कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून नेमबाजीत आलेल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या अंजली भागवत. आणि सुमा शिरूर, ज्यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० केले होते. (तेव्हा महिलांना ४० गोळ्या असायच्या, २०१८ पासून ६० आहेत.) मामांचा ठाम समज आहे की सुमा शिरूर आमच्याच शिरूरच्या. तसं नाही. त्यांचा जन्म कर्नाटकातला आणि शिरूर हे सासरचं आडनाव. पण मामांना हे सांगायची हिंमत घरात कोणाची नाही.

असो. आता शिकंजा आणि पन्नास बॅच आपल्याला परवडणाऱ्या नाहीत. मग आम्ही काय केलं ते सांगते, कारण हे कोणालाही जमेल. क्लबची रायफल जुनी, सेकंडहँड, पण चांगली सांभाळलेली. सीनियर मुलींकडून आणि सरांकडून उसने मागून चार प्रकारचे छर्रे गोळा केले, प्रत्येकी पन्नासेक. 'अ' म्हणजे स्वस्त देशी चपटा. 'ब' आणि 'क' एकाच परदेशी कंपनीचे, फक्त डोक्याचं माप ४.४९ आणि ४.५०. 'ड' सगळ्यात महाग. नावं मुद्दाम देत नाही. लोक तेवढंच वाचून दुकानात पळतील, आणि त्या रायफलचं उत्तर तुमच्या रायफलला लागू पडणार नाही.

वाळूच्या दोन पिशव्यांवर रायफल टेकवली. प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या छऱ्याच्या शिशाचा थर असतो, नव्याचा बसायला वेळ लागतो. मग दहा गोळ्यांचा एक गट, असे तीन गट. बाहेरच्या दोन भोकांचं कडेपासून कडेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजायचं आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. तीन गोळ्या मारून "बघा, एकाच भोकात!" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एम-३ चा पेपर आठवा. गोळ्या नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनने पसरतात असं धरलं आणि एका दिशेतला पसारा सिग्मा धरला, तर तीन गोळ्यांच्या गटाची सरासरी रुंदी २.४ सिग्मा येते, पाच गोळ्यांची ३.१ आणि दहा गोळ्यांची ३.८. म्हणजे तोच छर्रा, तीच नळी, तोच माणूस, फक्त गोळ्या कमी मारल्या की गट आपोआप लहान दिसतो. शिवाय तीनच्या गटात नशिबाचा वाटा फार मोठा. दुकानदाराने काउंटरवर चिकटवलेलं टार्गेट बघताना आधी भोकं मोजा.

आमचे सरासरी आकडे असे आले. अ, ५.२ मिलिमीटर. ब, २.६. क, ३.८. ड, ३.४. म्हणजे एकाच कंपनीच्या ब आणि क मध्ये फक्त १० मायक्रॉनच्या फरकाने गट जवळजवळ दीडपट झाला, आणि सगळ्यात महाग ड दुसरा आला. मामेबहीण खूश, मामा त्याहून खूश, कारण ब हा ड पेक्षा स्वस्त होता.

पण माझ्या डोक्यात दुसराच किडा. या फरकाने गुण किती वाढतील? बंदूक पिशवीवर असते तेव्हाचा गट वेगळा आणि मुलगी उभी राहून मारते तेव्हाचा वेगळा. तिचा स्वतःचा हात हलतो, श्वास हलतो. हे दोन पसारे साधे बेरजेने वाढत नाहीत. वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. पायथागोरसच म्हणा ना. समजा तिच्या हाताचा सिग्मा २ मिलिमीटर आहे. 'ब'चा सिग्मा २.६ भागिले ३.८, म्हणजे सुमारे ०.७. दोन्ही मिळून होतात २.१. 'अ'चा सिग्मा सुमारे १.४, मिळून होतात २.४. कागदावर गणित पुढे नेलं तर ६० गोळ्यांत ब ने साधारण ५९३ आणि अ ने ५८४ होतात. नऊ गुणांचा फरक! आणि ब आणि ड मध्ये? दोन-सव्वादोन गुण.

नऊ गुण म्हणजे निवड होणं आणि न होणं यातलं अंतर. दोन गुण म्हणजेही कधीकधी तेच, पण दोन गुणांसाठी दुप्पट पैसे टाकायचे झाले असते तर मी तिला विचार करायला सांगितलं असतं. कारण याच गणितात हाताचा सिग्मा २ ऐवजी १.८ केला तर 'ब' धरूनही साडेपाच गुण वाढतात. ते पैशाने मिळत नाहीत. सुदैवाने इथे चांगला तोच स्वस्त निघाला, त्यामुळे त्यागाचा प्रश्न आला नाही. आम्ही ठरवलं ते असं. रोजचा उभं राहण्याचा, श्वासाचा, ट्रिगरचा सराव 'अ' वर, कारण हाताची सवय स्वस्त छऱ्यानेही लागते. स्पर्धेच्या आधीचे तीन आठवडे फक्त 'ब'. छर्रा बदलला की गोळी लागण्याची जागाही सरकते आणि साइट परत लावावी लागते, म्हणून आदल्या दिवशी बदल नको.

वजनाबद्दल बरेच जण विचारतात, कारण केमिस्ट्री लॅबमधला तराजू सगळ्यांना आठवतो. छर्रे एकेक करून तोलावेत का? हिशोब करून बघितला. १७० च्या वेगाने दहा मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात छर्रा दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. वेगात २ मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तर हा आकडा फक्त ०.४ मिलिमीटरने बदलतो. स्पर्धेच्या चांगल्या छऱ्यांच्या वजनातला फरक एवढाही वेग बदलत नाही. तेव्हा परदेशी डबा घेऊन तोलत बसणं म्हणजे मेसच्या पोळ्या मोजण्यापूर्वी तोलण्यासारखं आहे. स्वस्त छऱ्यांत मात्र एखादा अगदीच हलका निघतो, तो वेगळा काढायला हरकत नाही.

त्यापेक्षा डोळ्यांनी निवडा. खिडकीची किंवा टेबलाची काच किंचित तिरकी धरा आणि छर्रा आडवा सोडा. परकराचा व्यास डोक्यापेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो. सगळे एकाच वळणाने गेले पाहिजेत. जो अडखळतो किंवा भलतीकडे जातो त्याचा परकर चेपलेला. तो सरावात टाका. परकर चेपतो कुठे? आमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, एसटीत! शिरूरला रेल्वे नाही, पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जायचं तर शिरूरहून पुणं ओलांडून पलीकडे. दप्तरात डबा खडखडत गेला की शिशाचे मऊ परकर एकमेकांवर आपटतात. डब्यात वरून स्पंजची चकती घालून घट्ट बसवा आणि पिशवीत तळाला ठेवू नका. हातातून डबा फरशीवर पडला तर तो स्पर्धेतून बाद समजा. छऱ्यांना तेल पाजायची पद्धत काही जणांत आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत ते तेल दाबाच्या उष्णतेने पेटतं, आवाज मोठा होतो, वेग बेभरवशाचा होतो आणि सील जळतं. कोरडे ठेवा, ओलीपासून लांब. जुन्या छऱ्यांवर पांढरी पूड दिसली तर ते शिशाचं गंजणं आहे, ते नळीत घालू नका.

आणि शिसं विषारी आहे हो! शिसपेन्सिलीत शिसं नसतं, तिथे ग्राफाइट असतं, पण छऱ्यात खरोखरच असतं. हात मोकळे राहावेत म्हणून छर्रे तोंडात धरणारी मुलं मी पाहिली आहेत. ते अजिबात नको. सराव संपला की आधी साबणाने हात धुवायचे, मगच वडापाव. मामेबहिणीच्या सरांनी रेंजच्या दारातच साबण ठेवलाय. डोळ्यावर चष्मा हवा, आणि मागे सपाट लोखंडी पत्रा सरळ उभा नको, त्यावरून छर्रा परत येतो. घरी सरावाला जुन्या कपड्यांनी गच्च भरलेलं जाड खोकं पुरतं, फक्त आतले कपडे अधूनमधून हलवा, नाहीतर एकाच जागी बोगदा होतो.

राहिली गोष्ट डब्यांची. कांद्याची पट्टी आली, मामांनी तीन डब्यांचे पैसे दिले. आमच्याकडे 'ब'चा बॅच नंबर वहीत लिहिलेला होता. दुकानदाराला फोनवर तो वाचून दाखवला, तो वैतागला, पण शोधून त्या बॅचचे दोन डबे काढून दिले. तिसरा कंपनी तीच, माप तेच ४.४९, पण बॅच वेगळी. पहिले दोन स्पर्धेसाठी कपाटात, स्पंजखाली. तिसऱ्याची चाचणी रविवारी आहे, दहा-दहाचे तीन गट. मी शनिवारी शेवटच्या लेक्चरनंतर निघतेय. वाळूच्या पिशव्या मामा भरून ठेवणार आहेत.